दार नसलेलं कासव

सुई दिसायला इतकी बारीक असते की तिच्यापासून आपल्याला काही धोका असेल असं कुणाच्या मनात येत नाही. मोठ्या गोष्टींना माणूस आधीच भिऊन असतो. रोडरोलर आला की बाजूला होतो, साहेब आले की उभा राहतो. सुई मात्र डबीत निजलेली असते, तान्ह्या बाळासारखी गुपचूप. तिला उठवायचं नसतं, एवढंच.

मी तिला उठवली ती एका सोमवारी, संध्याकाळी जेवताना.

आमच्या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणतात. ती दुसरीत आहे. मुंगीसारखं तिचं सतत काहीतरी उचलून कुठून तरी कुठे तरी नेणं चालू असतं, आणि आवाजही मुंगीसारखाच आहे. म्हणजे असणार, पण मुंगीचा आवाज ऐकलाय कुणी? वर्गात हजेरीला ती ‘हजर’ म्हणते आणि बाई तिची गैरहजेरी लावतात. शाळेच्या नाटकात बालवाडीच्या वर्षी ती गवत होती. पहिलीतही गवतच, फक्त वाळलेलं. गवताला वाक्य नसतं. वारा आला की डावीकडे, वारा गेला की उजवीकडे.

त्या संध्याकाळी मुंगी काहीतरी सांगू लागली. बायकोनं पंखा बंद केला, मी चमचा खाली ठेवला, आणि आम्ही दोघं टेबलावर वाकून ऐकू लागलो. हकीकत अशी होती. बाईंनी यंदा ‘तळ्याकाठची सभा’ नावाचं नाटक बसवायला घेतलं होतं. त्यात एक कासव होतं आणि कासवाला एक वाक्य होतं. कासव कोण होणार असं बाईंनी विचारलं, तेव्हा मुंगीनं हात वर केला. हाताला आवाज लागत नाही, त्यामुळे तो बाईंना दिसला.

“वाक्य कुठलं गं?” बायकोनं विचारलं.

“मी येईन, पण माझ्या चालीनं.” मुंगी म्हणाली. असं म्हणाली असावी. मी ओठांवरून वाचलं.

पण एक अट होती. वेश घरीच करायचा, जुन्या कपड्यांतून, आणि मुलाचाही हात लागला पाहिजे. भाड्याचा, विकतचा, शिंप्याचा चालणार नाही. शुक्रवारी रंगीत तालीम. त्या दिवशी ज्याच्या अंगावर वेश नसेल, तो गवतात.

मुंगी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. ते एक वाक्य तिनं कुठून तरी उचलून घरापर्यंत आणलं होतं, साखरेच्या दाण्यासारखं. आता ते बिळात कसं न्यायचं, हे आम्ही बघायचं होतं.

बायको कॉलेजात गणित शिकवते. ती म्हणाली, “मला शिवता येत नाही. आणि कुणी शिकवू नये म्हणून मी लहानपणापासून फार काळजी घेतलीय.”

“मी शिवीन,” मी म्हणालो.

‘गणित सोपं आहे, बाई,’ असं सांगणाऱ्या विद्यार्थ्याकडे ती ज्या नजरेनं बघत असेल, त्या नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं.

“अहो, तुमच्या शर्टाचं बटण गेल्या हिवाळ्यापासून टाचणीवर आहे.”

“बटण ही दुरुस्ती झाली. हे बांधकाम आहे.”

इथे माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी नगरपालिकेत बांधकाम विभागात आराखडे तपासतो. शहरात कुणालाही भिंत उभारायची असली की तिचा नकाशा आधी माझ्या टेबलावर येतो. घराभोवती पुरेशी मोकळी जागा सोडली आहे का, खिडक्या आहेत का, आग लागली तर माणसं कुठून बाहेर पडणार, हे मी बघतो. आणि बहुधा ‘त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावे’ असा शेरा मारून परत पाठवतो. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची घरं नाकारली, त्याला एक कासव जमू नये, हे मला पटेना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कासवाचा आराखडा काढला. दर्शनी बाजू, मागची बाजू, उभा छेद, आडवा छेद. वरती पाठीचा घुमट, खाली पोटाचा सपाट तुकडा. डोक्यासाठी एक भोक, हातांसाठी दोन, पायांसाठी दोन. उत्तर दिशा दाखवणारा बाणसुद्धा काढला, सवयीनं. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, “सुंदर! कुठल्या धर्मशाळेचा?” मी आराखड्याची गुंडाळी केली. प्रत्येक कलावंताला हे सोसावं लागतं.

घरी आल्यावर आराखडा जमिनीवर पसरला. मुंगी त्यावर पालथी पडून तो बराच वेळ बघत राहिली. मग एका ठिकाणी बोट ठेवून काहीतरी म्हणाली.

“हो हो,” मी म्हणालो. “छान आहे ना?”

कापड म्हणून दिवाणखान्याचा जुना हिरवा पडदा काढला. पाठीवरचे खवले करणं हे मुंगीचं काम. तिनं तिचं लहानपणीचं झबलं, माझा रेघांचा शर्ट आणि आईची विटलेली ओढणी, असं सगळं गोळा केलं आणि जीभ बाहेर काढून एकेक खवला कापला. मग मोठ्या सुईनं पडद्यावर धावदोरा घालू लागली. तिचे टाके वाकडे पडत होते, म्हणून ती झोपल्यावर मी ते उसवून पुन्हा घातले. ते आणखी वाकडे पडले. सकाळी तिनं ते बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. मोठ्या मनाची आहे.

हातानं एवढं शिवून होणार नाही, हे पहिल्याच संध्याकाळी बोटांनी सांगितलं. आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांच्याकडे पायानं चालवायचं शिलाई मशीन आहे. ते खाली आमच्या घरी आणावं, असं मी ठरवलं आणि तिथेच फसलो. काकूंचे यजमान आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. मागे त्यांनी आपली गॅलरी काचा लावून बंद करायचा आराखडा आमच्या कार्यालयात दिला होता, आणि मी तो ‘सामासिक अंतर अपुरे’ म्हणून परत केला होता. सामासिक अंतर म्हणजे दुसरं काही नाही, भिंतीभोवती सोडायची मोकळी जागा. तेव्हापासून ते जिन्यात भेटले की भिंतीला नमस्कार करत.

“मशीन खाली न्यायचंय?” ते दारातच म्हणाले. “सामायिक जिन्यातून अवजड वस्तू न्यायची तर लेखी अर्ज लागतो.”

“अहो काका, एकच तर मजला.”

“मजला एक असो की दहा. नियम जिन्याला आहे, मजल्याला नाही.”

मी अर्ज लिहिला. तो घेऊन ते आत गेले, चष्मा घालून बाहेर आले आणि अर्ज मला परत दिला. कोपऱ्यात लिहिलं होतं: वस्तूचे वजन नमूद नाही. त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावे.

वाक्य ओळखीचं वाटलं. आपलं मूल दुसऱ्याच्या कडेवर दिसावं, तसं वाटलं.

“आणि वजन करायचं तर मशीन काट्यापर्यंत न्यायला नको का?” मी म्हणालो.

“नेऊ शकता. त्याला वेगळा अर्ज.”

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. “अहो, काय लावलंय? मशीन माझं आहे. आणि ते जिन्यानं वर आलं तेव्हा तुम्ही सेक्रेटरी नव्हता, हमाल होता. आणि तुम्ही हो, मशीन कशाला हलवताय? कापड हलवा की वर!”

हे मला सुचलं नव्हतं. सेक्रेटरींनाही सुचलं नव्हतं, एवढंच समाधान.

काकूंच्या खोलीत खिडकीशी ते काळं मशीन एखाद्या वृद्ध हरणासारखं मान वाकवून उभं होतं. काकू म्हणाल्या, “बसा. पाय पुढे-मागे, हात कापडावर, डोळे सुईवर. जीभ तोंडात.” मी पाय पुढे दाबला, चाक मागे गेलं, दोरा तुटला. मागे दाबला, चाक पुढे गेलं, दोरा गुंतला. मग एकदाचं ते चालू झालं आणि मला थांबवता येईना. खडखड करत टीप पडद्यावरून निघाली, पोटाच्या तुकड्यावरून गेली, आणि माझ्या शर्टाची उजवी बाही कासवात घेऊनच थांबली. काकू गालात हसत गुणगुणल्या:

“सुई चाले पुढे पुढे, दोरा तिच्या मागे मागे,
बाप शिवे लेकीसाठी, बाही कासवाला लागे.”

मुंगी हसून हसून जमिनीवर लोळली. तेही बिनआवाजी.

बाही सोडवेपर्यंत खालच्या मजल्यावरचे डॉक्टर वर आले. हे जनावरांचे डॉक्टर. मशीनची खडखड त्यांना गुरांच्या खोकल्यासारखी वाटली म्हणून ते चौकशीला आले होते.

“कासव शिवताय?” ते म्हणाले. “कुठलं? पाण्यातलं की जमिनीवरचं?”

“शाळेतलं.”

“मग दोन्हीकडचं करा. पण एक लक्षात ठेवा. कवच म्हणजे कासवाचा कोट नव्हे. लोकांचा हाच गैरसमज असतो. कोट काढून खुंटीला टांगला, असं कासवाला करता येत नाही. कवच त्याच्या कण्यालाच जोडलेलं असतं. जन्मल्यापासून मरेपर्यंत ते त्याच्यातच.”

“म्हणजे फट अजिबात नको,” मी म्हणालो.

“फट? फट असली तर ते कासव नव्हेच.”

शास्त्र आपल्या बाजूनं आहे म्हटल्यावर माणसाला केवढं बळ येतं! त्याच वेळी मुंगी माझी सुटलेली बाही ओढत होती. तिचे ओठ हलत होते. पण डॉक्टर पोटाच्या वळणाबद्दल सांगत होते, काकू बॉबिनमध्ये दोरा भरत होत्या, सेक्रेटरी दारात उभे राहून मशीन संध्याकाळी किती वाजेपर्यंत चालवता येतं याचा नियम वाचून दाखवत होते. मी मुंगीच्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणालो, “हो हो, बेटा. करू.”

पहिल्यांदा अंगावर घालून बघितलं ते दुसऱ्या दिवशी, काकूंच्याच खोलीत. पाठ आणि पोट कच्च्या टाक्यांनी आणि टाचण्यांनी जोडलं आणि मुंगीला मध्ये उभं केलं. हात कोपरापर्यंत गेले आणि अडले. पोटाचा तुकडा पोटाला पुरेना. आराखड्याप्रमाणे सगळं बरोबर होतं; मुंगीची मापं बरोबर होती, कापडही मापात कापलं होतं. मुंगीच मावत नव्हती.

काकूंनी कापडाची कड उलटून बघितली. “माया किती ठेवली होतीत?”

शिवणाऱ्या लोकांत शिलाईच्या बाहेर जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. शिलाई कापड खाते. म्हणून कडेनं दोन बोटं मोकळी सोडायची असतात. मी एक सूतही सोडलं नव्हतं. मुंगीचं माप घेतलं होतं आणि त्या मापावरच कात्री चालवली होती.

दारातून सेक्रेटरी पुढे आले. कापड त्यांनी हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले. एवढं निर्मळ सुख मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

“सामासिक अंतर,” ते एकेक अक्षर चघळत म्हणाले, “अपुरे.”

त्या दिवसानंतर ते मला नमस्कार करताना माझ्याकडेच बघू लागले. माझ्या अप्रतिष्ठेतून जगात निदान एक तरी सलोखा निर्माण झाला.

मग जोडकाम सुरू झालं. दोन्ही कुशींना पट्ट्या जोडल्या. त्यासाठी माझी घरात घालायची विजार कामी आली. पट्ट्या अंदाजानं कापल्या, आणि एकदा तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याप्रमाणे या वेळी माया भरपूर ठेवली. इतकी, की कासवात आता मुंगी आणि तिची आई अशा दोघी मावल्या असत्या. सैल कवच लोंबायला लागलं. लोंबतं कवच बघून डॉक्टर म्हणाले, कासव आजारी दिसतं. मग कापूस भरायचं ठरलं. एक उशी फोडली. पुरेना. दुसरी फोडली. कापूस हा मोठा विलक्षण पदार्थ. उशीत असताना तो डोंगराएवढा वाटतो, कासवात गेला की नाहीसा होतो. संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्या उशा संपल्या, दिवाणाचा लोड संपला. बायकोनं वह्या तपासता तपासता मान वर केली.

“अहो, आज डोकं कशावर टेकायचं?”

“कासवावर,” मी म्हणालो.

शेवटी ते तयार झालं. पाठीचा घुमट गच्च भरलेला, वर मुंगीचे खवले, झबल्याच्या फुलांचे, शर्टाच्या रेघांचे. मी कडेची शेवटची शिलाई स्वतःच्या हातानं घालायला बसलो. घट्ट, दुहेरी दोऱ्यानं, फट म्हणून ठेवायची नाही. मुंगी माझ्या गुडघ्याशी येऊन म्हणाली, “बाबा—”

“थांब हं बेटा, दोरा संपत आलाय.”

मी गाठ मारली. दोरा दातांनी तोडला. कासव खोलीच्या मधोमध बसलं होतं, हिरवं, गोल, सबंध. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुंगीनंही वाजवल्या, पण जरा विचार करत.

शुक्रवारी सकाळी ती आंघोळ करून, वेणी घालून, गणवेशात कासवासमोर उभी राहिली. काकू आल्या होत्या, डॉक्टर आले होते, सेक्रेटरी जिन्यात सहज म्हणून उभे होते.

“चल, घाल,” मी म्हणालो.

मुंगीनं कासवाला एक प्रदक्षिणा घातली. मानेच्या भोकात हात घालून बघितला. पायाच्या भोकात डोकं घालून बघितलं. मग ती उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. खोलीत कुणी बोलत नव्हतं, आठवड्यात पहिल्यांदाच. त्या शांततेत तिचा आवाज ऐकू आला.

“बाबा, आत कुठून जायचं?”

काकूंनी कड चाचपत कासवाभोवती एक फेरी मारली.

“मी तेच विचारत होते,” मुंगी म्हणाली. “मंगळवारपासून.”

मी ज्यांचे ज्यांचे नकाशे ‘प्रवेशद्वार स्पष्ट दाखवलेले नाही’ म्हणून परत पाठवले होते, ते सगळे घरमालक त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून मिरवणुकीनं गेले. पण मला टोचलं ते वेगळंच. तिनं विचारलं होतं. आराखड्यावर बोट ठेवून विचारलं होतं, बाही ओढून विचारलं होतं, गुडघ्याशी येऊन विचारलं होतं. मी दर वेळी ‘हो हो’ म्हणालो होतो.

तिचे डोळे भरून आले होते. “आता गवत,” ती म्हणाली.

“गवत नाही!” बायको उठली. गणिताच्या माणसांचं असं असतं, उत्तर चुकलं की ती शांतपणे मागची पायरी बघतात. “कूस उसवा. हिला आत घाला. आणि अंगावरच शिवून टाका.”

“आणि बाहेर कशी काढायची?”

“ते उत्तर तालमीनंतर.”

काकूंनी कूस उसवली, बायकोनं कापूस आत दाबून धरला, मुंगी हात वर करून आत शिरली, आणि मी पुन्हा सुई घेतली. डॉक्टरांनी टाके कसे घालायचे ते सांगितलं. गाईला घालतात तसे. जिवंत माणसाभोवती भिंत बांधताना कसं वाटतं, ते मला पहिल्यांदाच कळत होतं.

“टोचतंय का गं?”

“नाही. गुदगुल्या होतायत.”

जिन्यात कासव अडकलं. घुमट एका बाजूला कठड्याला, दुसऱ्या बाजूला भिंतीला. सेक्रेटरी नियमाची वाट न बघता दोन पायऱ्या वर गेले, मागून खांदा लावला आणि म्हणाले, “ढकला! सामायिक जिना आहे, सगळ्यांचाच आहे!” एक धक्का बसला आणि कासव भप्प करून मोकळं झालं.

रिक्षात ते मावेना, म्हणून आम्ही चालत निघालो. मी दप्तर घेऊन पुढे, मुंगी मागे. तिचे इवले पाय खाली लगबग करत होते, पण वरून बघणाऱ्याला ते कासव संथ, भारदस्त, एखाद्या सेवानिवृत्त न्यायाधीशासारखं चाललेलं दिसत होतं. लोक थांबून बघत होते. मी मान खाली घालून चालत होतो. नगरपालिकेतला माणूस, रस्त्यात दहा जण ओळखणारे.

चौकात वाहतूक पोलिसानं हात आडवा केला. “हे काय आहे?”

मी खाकरलो, ओळखपत्र काढायला खिशात हात घातला. तेवढ्यात कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, “कासव आहे! रस्ता ओलांडायचाय!”

मी मागे वळून बघितलं, कोण बोललं ते. मागे कुणी नव्हतं. माझ्याच मुलीचा आवाज मला ओळखता आला नाही. पण आमची तेवढी ओळखच कुठे होती?

पोलिसानं दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या. कासव रस्ता ओलांडून गेलं.

पुढच्या वळणावर गादीवाला दुकान उघडत होता. “अरे बापरे! काय भरलंय गं एवढं?”

“सगळ्यांच्या उशा!” कासव म्हणालं. “आणि लोड! आणि बाजूला बाबाची विजार आहे!”

“मुंगी, विजारीचं सांगायची गरज नाही,” मी म्हणालो.

“त्यांनी विचारलं, बाबा.”

शाळेत पोचलो तेव्हा सभागृहात ससे, बेडूक, बगळे आणि बरंचसं गवत जमलं होतं. रंगमंचावर जायला बाजूला एक चिंचोळं दार होतं. कासव त्यात गेलं नाही. आडवं करून गेलं नाही, तिरपं करून गेलं नाही. बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

“वेश काढा. नुसती पोरगी आत जाऊ दे, आत गेल्यावर घालू.”

“निघत नाही, बाई. शिवलाय.”

“शिवलाय म्हणजे? आत मूल असताना?”

“मूल बाहेर असताना जमलं नाही.”

बाईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. बऱ्याच बापांना त्यांनी पाहिलं असेल. “हे बघा,” त्या जरा मऊ होऊन म्हणाल्या, “एवढी मेहनत केलीत, पण मला वेळेवर नाटक सुरू करायचंय. हिला आज खाली गवताशेजारी बसू दे. कासवाचं वाक्य मी दुसऱ्या कुणाला देते. तसंही हिचा आवाज—”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो कुणास ठाऊक. बहुधा, त्रुटी दूर करून पुन्हा सादर करतो, असंच. पण माझ्या आधी कासव बोललं.

“बाई, वाक्य देऊ नका!”

सगळे बेडूक गप्प झाले.

“मला समोरून वर चढवा. पडदा उघडायच्या आधी. मी तिथेच बसून राहीन, हलणार नाही. सभा तळ्याकाठी आहे ना? कासव तळ्याकाठीच राहतं. मग त्याला दारातून कशाला यायला हवं?”

बाईंचा हात कमरेवरून खाली आला. मग त्या म्हणाल्या, “अगं, तू इतका वेळ होतीस कुठे?”

“गवतात,” मुंगी म्हणाली.

शिपाईमामा, बाई आणि मी, अशा तिघांनी मिळून कासव समोरून रंगमंचावर चढवलं. मामा दमून म्हणाले, “साहेब, आत पोरगी एकच आहे ना?” पडदा पडला, पडदा उघडला. सभा भरली. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. कार्यालयात फोन करून सांगितलं होतं की कासवात अडकलोय. ससा आला, बगळा आला, वारा आला, गवत डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. कासव मधोमध बसून होतं, स्वतःच्या घरी बसल्यासारखं. मग बगळ्यानं विचारलं, उद्या सगळे डोंगरावर येणार ना? कासवा, तू येशील?

माझ्या बोटाला सुईची भोकं होती. ती सगळी एकदम दुखायला लागली.

“मी येईन!” कासव म्हणालं. “पण माझ्या चालीनं!”

एक बगळा दचकून बेडकावर बसला.

“हळू गं, हळू,” बाई खालून म्हणाल्या. दोन वर्षं त्यांनी मुंगीला ‘मोठ्यानं’ याशिवाय काही सांगितलं नव्हतं. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच चष्मा काढून पुसला. “नको, राहू दे. तशीच म्हण.”

तालीम संपल्यावर मुलं डबे खायला गेली. मी कासवाला व्हरांड्यात बाकाशी उभं केलं, बाईंकडून लहान कात्री घेतली आणि कुशीची शिलाई उसवायला बसलो. गाईचे टाके, एकेक वेगळा कापावा लागत होता. मुंगी बोलत होती. बेडूक वाक्य विसरला होता. सशाचा कान त्याच्या आईनं उलटा लावलाय. बगळा वर्गात तिच्या मागे बसतो आणि तिचं खोडरबर चावतो, पहिलीपासून. गवताला आतून कसं वाटतं ते कुणालाच माहीत नाही, गुडघे दुखतात. आणि बाई हजेरी घेतात तेव्हा ती रोज हजर म्हणते, रोज.

“रोज?” मी विचारलं.

“रोज, बाबा. ऐकतोयस ना?”

“ऐकतोय.”

कात्री चालत होती. कापूस थोडा थोडा बाहेर येऊन व्हरांड्यात उडत होता. खालून तिचा एक हात सुटला, मग खांदा. ती पुढच्या नाटकाचं सांगू लागली. त्यात एक हत्ती आहे, आणि हत्तीला पुष्कळ वाक्यं आहेत, आणि हत्ती जर शिवायचा असेल तर आधी तिला विचारायचं, आणि नुसतं विचारायचं नाही तर—

एकच टाका राहिला होता. पण तिचं वाक्य अजून संपलं नव्हतं. मी कात्री खाली ठेवली.